स्वावलंबनाश्रमाचे संस्थापक : पावसचे श्री स्वामी स्वरूपानंद

दरवर्षीच्या प्रघातास अनुसरून यंदाच्या स्मरणिकेतही एका दिवंगत थोर पुरुषाचे अल्पचरित्र सभासद कुटुंबांच्या हाती देताना आम्हांस विशेष समाधान वाटत आहे. पावस हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर श्री स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर उभे राहते. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे मे महिन्याच्या अथवा दिवाळीच्या सुटीत गावी गेली की एक दिवस वेळ काढून पावसला जातात, समाधीचे दर्शन घेतात, प्रसाद घेऊन परततात. स्वामींची 'अभंग ज्ञानेश्वरी' आपल्या अनेक घरांतून नित्य वाचली जाते. तथापि याच सत्पुरुषाने ऐन तारुण्यात, वय अवघे अठराच्या आसपास असताना, आपल्या जन्मगावी एक लहानशी शाळा काढली होती आणि तिचे नाव 'स्वावलंबनाश्रम' असे ठेवले होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी असते.

स्वामींच्या आध्यात्मिक अधिकाराविषयी लिहिण्याची आमची योग्यता नाही आणि त्याविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिलेही आहे. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते त्या शाळेच्या अंगाने. ज्या हातांनी पुढे ग्रंथरचना केली, त्या हातांना आधी मुलांना कामाची गोडी लावावी असे का वाटले, ती शाळा कोणत्या परिस्थितीत जन्मली, तिच्यापुढे कोणत्या अडचणी होत्या आणि आपल्या समाजाने तिच्यापासून काय घ्यावयास हवे होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जन्म आणि गाव

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव रामचंद्र विष्णू गोडबोले. त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०३ रोजी पावस येथे झाला. वडिलांचे नाव विष्णुपंत आणि मातोश्रींचे नाव रखमाबाई. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काही कोसांवर, समुद्रापासून थोडे आत, डोंगरउतारावर नारळी-पोफळीच्या आगरांत वसलेले हे गाव. आज मोटारीने पाऊण तासात पोहोचता येते. परंतु त्या काळी भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता. रत्नागिरीस जावयाचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे आणि उरलेली वाट बहुधा पायी. मुंबईस जावयाचे तर रत्नागिरीच्या बंदरात आगबोट धरावयाची. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ साली, म्हणजे रामचंद्रांच्या जन्मानंतर तब्बल चौऱ्याण्णव वर्षांनी. या एका गोष्टीवरून तेव्हाच्या गावांचे एकाकीपण वाचकांच्या ध्यानात येईल.

अशा गावात पोटापाण्याचे साधन काय? भातशेती चार महिन्यांची, तीही डोंगरउतारावरच्या लहान लहान कुणग्यांची. आंबा, काजू, फणस, नारळ, कोकम ही संपत्ती निसर्गाने दिली खरी, परंतु तिच्यापासून उद्योग उभारण्याचे शिक्षण कोणी दिले नाही. म्हणून घरातील कर्ता मुलगा मुंबईस जाई आणि घर चाले ते दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरीवर. पोस्टमनाची वाट पाहणारी म्हातारी माणसे आणि शाळेत इंग्रजी वाचनमाला घोकणारी मुले, हे चित्र त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक गावाचे होते.

त्या काळचे शिक्षण आणि आपला समाज

येथे एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांस भाग आहे. विद्येचे महत्त्व आपल्या समाजाने इतरांच्या आधी ओळखले, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो योग्यच आहे. परंतु विद्या म्हणजे पुस्तक, परीक्षा आणि तीतून मिळणारी नोकरी, अशी आपली समजूत हळूहळू दृढ होत गेली. करवत, रंधा, हातोडा, माग, चाक ही साधने परक्यांची आणि लेखणी तेवढी आपली, असे आपण मानले. सुताराने केलेला देव्हारा आपण घरात मोठ्या मानाने ठेवला. पण तो करणारे हात आपल्या मुलाचे असावेत असे आपणांस कधी वाटले नाही.

धंदेशिक्षणाची सोय मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली होती. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली सुरू झाली. व्यापारशिक्षणासाठी सिडनहॅम कॉलेज १९१३ साली उघडले. खुद्द रत्नागिरीसही सुतारकाम, लोहारकाम शिकविणारी शाळा एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. १८८२ सालच्या हंटर आयोगाने तर असे सुचविले होते की हायस्कुलात दोन शाखा असाव्यात. एक विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी आणि दुसरी व्यापार व व्यवहारोपयोगी विषयांची. परंतु ही दुसरी शाखा कागदावरच बहुतांशी राहिली. पालकांना मॅट्रिकची परीक्षा हवी होती, कचेऱ्यांना कारकून हवे होते, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली शाळा या दोघांच्या मागणीप्रमाणेच चालत होती. कला म्हणजे चित्रकलेचा आठवड्यातून एखादा तास, व्यापार म्हणजे फार तर जमाखर्चाची तोंडओळख, आणि हस्तव्यवसाय म्हणजे शिपायाचे काम, असा तो हिशेब होता.

मॅट्रिकच्या उंबरठ्यावरून

रामचंद्रांचे प्राथमिक शिक्षण पावस येथे झाले. पुढील शिक्षणासाठी ते रत्नागिरीस आणि तेथून मुंबईस आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात गेले. बुद्धी चांगली, वागणूक सरळ, घरच्यांची आशा मोठी. मॅट्रिक व्हावे, जमल्यास कॉलेजात जावे, नाही तर एखाद्या पेढीत वा सरकारी कचेरीत चिकटावे, असा मार्ग आखलेलाच होता. त्या मार्गाने आपल्या ज्ञातीतील शेकडो मुले गेली आणि त्यांत गैर काही नव्हते.

इतक्यात १९२० साल उजाडले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत देहावसान झाले. त्याच दिवशी महात्मा गांधींच्या असहकाराच्या आंदोलनास आरंभ झाला. सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनाने आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाने काँग्रेसने त्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. सरकारी व सरकारी मदतीच्या शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालावा आणि त्यांच्या जागी राष्ट्रीय शाळा काढाव्यात, हे त्या कार्यक्रमाचे एक महत्त्वाचे कलम होते. रामचंद्रपंतांनी ती हाक ऐकली आणि शाळा सोडली.

आज शंभर वर्षांनंतर हे वाक्य आम्ही सहज लिहून गेलो. परंतु त्या घटनेचे मोल कोकणातील घराच्या दृष्टीने मोजले पाहिजे. मुलास मुंबईस ठेवून शिकविणे म्हणजे घराने अनेक वर्षे पोटास चिमटा घेणे होय. त्या कष्टाचे फळ हाताशी आले असता मुलाने परीक्षेकडे पाठ फिरवावी, यात घरच्या माणसांची केवढी निराशा असेल! देशभक्तीच्या इतिहासात अशा निराशेची नोंद होत नसते. पण ज्या तरुणाने हे पाऊल उचलले त्यास तिची जाणीव नसेल असे आम्हांस वाटत नाही. सोडून दिलेल्या गोष्टीच्या तोलाचे काही उभे करून दाखविणे हे त्याच्यावरील ऋणच होते.

स्वावलंबनाश्रम

शाळा सोडलेल्या अनेक तरुणांनी शहरांतच सभा, मिरवणुका, प्रचार यांत स्वतःस झोकून दिले. रामचंद्रपंत मात्र पावसला परतले आणि गावातील मुलांस राष्ट्रीय शिक्षण देण्यासाठी त्यांनी स्वावलंबनाश्रम सुरू केला. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जेथे मनीऑर्डरीवर गाव जगत होते, त्या गावात शाळेस स्वावलंबन हे नाव देणे म्हणजे गावाच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवणे होते.

राष्ट्रीय शाळेची कल्पना महाराष्ट्रास नवी नव्हती. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री वंगभंगाच्या काळातच लोकमान्यांनी मांडली होती. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे १९०६ साली स्थापन झालेले समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे नावारूपास आले. तेथे पुस्तकी विषयांबरोबर उद्योगाचे शिक्षण देण्याचा आग्रह होता. १९१० साली सरकारने ते विद्यालय बंद पाडले. पुढे असहकाराच्या लाटेत १९२१ साली पुण्यास टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि प्रांतोप्रांती लहानमोठ्या राष्ट्रीय शाळा निघाल्या. पावसचा आश्रम हा त्या मोठ्या प्रवाहाचा एक छोटा ओढा होता.

या राष्ट्रीय शाळांत हस्तोद्योग म्हणून प्रामुख्याने सूतकताईस स्थान मिळे. आजच्या वाचकास चरखा म्हणजे केवळ एक चिन्ह वाटते. म्हणून त्या कामात शिक्षण कोठे होते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कापसातील सरकी काढणे म्हणजे लोढणे, कापूस पिंजून मोकळा करणे, त्याचे पेळू वळणे, आणि मग एका हाताने चाक फिरवीत दुसऱ्या हाताने पेळूतून तंतू ओढीत तो चातीवर गुंडाळणे, असा तो क्रम. चाक फिरविण्याचा वेग आणि हात मागे नेण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही की सूत तुटते किंवा जाडेभरडे निघते. कोणी रागावण्याची गरज नाही. सूतच विद्यार्थ्यास चूक दाखवून देते.

त्यातच गणितही आहे. सुताची बारकाई अंकाने मोजतात. ८४० वारांची एक लड धरली, तर एक पौंड वजनात अशा जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा अंक. म्हणजे वीस अंकी सूत एक पौंड घेतले तर त्याची लांबी १६,८०० वार भरावयाची. जो मुलगा स्वतः कातलेले सूत मोजतो, तोलतो आणि भागाकार करून अंक काढतो, त्यास त्रैराशिक निराळे शिकवावे लागत नाही. पुढे त्या सुताची किंमत काय, कापसास किती खर्च आला, दिवसाची मजुरी किती पडली, हे रोजकीर्दीत मांडले की व्यापाराचा पहिला धडा झाला. सुताचे कापड व्हावयाचे तर ताणा, बाणा, काठ, रंग यांचा विचार आला. तेथे कलेचा धडा झाला. हस्तव्यवसाय, व्यापार आणि कला हे तीन निरनिराळे वर्ग नसून एकाच कामाची तीन अंगे आहेत, हे या पद्धतीचे मर्म होते.

अडचणी

चरित्रलेखनात केवळ गुणगान करावे आणि अडचणी गाळाव्यात, ही रीत आम्हांस मान्य नाही. राष्ट्रीय शाळांपुढील अडचणी खऱ्या होत्या आणि कोकणात त्या अधिक तीव्र होत्या.

पहिली अडचण मालाची. आपल्या तांबड्या जांभ्या जमिनीत आणि धो धो पावसात कापसाचे पीक होत नाही. एखाद्याच्या परसात देवकापसाचे झाड असते, ते देवाच्या वातींपुरते. सूतकताई करावयाची तर कापूस घाटावरून वा मुंबईहून आणावयाचा. म्हणजे स्वावलंबनाच्या साधनासाठीच परावलंबन आले! याउलट नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजवून, कुटून काढलेला काथ्या, कोकमाची साले रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवून केलेली आमसुले, बांबूच्या विणकामाच्या वस्तू, फणसाच्या लाकडाचे काम, हे सर्व गावच्या मालावर उभे राहणारे उद्योग होत. हस्तोद्योग निवडताना स्थानिक कच्च्या मालाकडे आधी पाहावे, हा धडा देशास शिकण्यास पुढे बराच काळ लागला.

दुसरी अडचण परीक्षेची. राष्ट्रीय शाळेच्या प्रमाणपत्रास सरकारी नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. मुलाचे पुढे काय, या पालकांच्या प्रश्नास तिच्यापाशी उत्तर नव्हते आणि नोकरीवाचून दुसरे उत्तर ऐकण्याची पालकांची तयारी नव्हती.

तिसरी अडचण काळाची. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौराच्या प्रकारानंतर गांधीजींनी आंदोलन स्थगित केले. उत्साहाची भरती ओसरली. देशभरातील पुष्कळ राष्ट्रीय शाळा हळूहळू रिकाम्या झाल्या आणि मुले पुन्हा सरकारमान्य शाळांत जाऊन बसली. पावसचा स्वावलंबनाश्रमही कायम टिकणारी संस्था होऊ शकला नाही. आज त्याची इमारत दाखवावी, त्याच्या माजी विद्यार्थ्यांची मोठी यादी छापावी, असे काही आपल्या हाती नाही.

मग त्यास अपयश म्हणावयाचे काय? आमचे मत तसे नाही. शाळा बंद पडली म्हणून तिचा विचार चुकीचा ठरत नाही. तो विचार पेलण्याइतका समाज तयार नव्हता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. त्या समाजात आपणही आलो.

पुणे, येरवडा आणि पावस

याच सुमारास रामचंद्रपंतांच्या जीवनास दुसरे वळण लागले. मामा केशवराव गोखले यांच्यामुळे पुण्याचे सद्गुरू बाबामहाराज वैद्य यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि १९२३ साली त्यांचा अनुग्रह लाभला. नाथसंप्रदायाची ती परंपरा होय. पुण्यात असताना त्यांनी टिळक महाविद्यालयात अध्ययन करून 'वाङ्मयविशारद' ही पदवी संपादन केली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्या तरुणाने सरकारी मॅट्रिककडे पाठ फिरविली होती त्याने विद्येकडे पाठ फिरविली नव्हती. पदवी घेतली तीही राष्ट्रीय विद्यापीठाचीच. शब्द आणि कृती यांतील हा मेळ आपल्या तरुणांनी मुद्दाम पाहावा.

देशकार्यही सुटले नाही. १९३२ सालच्या कायदेभंगात त्यांनी कारावास पत्करला आणि येरवड्याच्या तुरुंगात दिवस काढले. तेथेच त्यांनी 'नवरत्नहार' ही छोटी रचना केली. तुरुंगातून परतल्यावर थोड्याच काळात, १९३४ साली, त्यांस दुर्धर आजाराने ग्रासले. देह अत्यंत क्षीण झाला. पावसमधील देसाई यांच्या 'अनंत निवास' या घरी त्यांची शुश्रूषा झाली आणि पुढील चाळीस वर्षे त्यांचे वास्तव्य त्याच घरी राहिले.

येथे विचारी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. ज्याने स्वावलंबनाचा आश्रम काढला, त्यासच तारुण्यात दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्यांच्या सेवेवर राहावे लागावे, ही नियतीची केवढी विसंगती! परंतु खोल पाहता ही विसंगती राहत नाही. स्वावलंबन म्हणजे कोणाचे साहाय्य न घेणे नव्हे; तसे जगणे कोणाही मनुष्यास शक्य नाही. आपल्याजवळ जे सामर्थ्य उरले आहे त्याचा पूर्ण उपयोग करणे आणि घेतलेल्यापेक्षा अधिक परत देणे, हे स्वावलंबन होय. देसाई कुटुंबाने केलेल्या सेवेचे मोल कोणी पैशांत करू शकणार नाही. आणि त्या खोलीतून महाराष्ट्रास जे मिळाले त्याचेही मोल करता येणार नाही.

शिक्षक तो शिक्षकच

त्या चाळीस वर्षांत स्वामींनी जी ग्रंथसंपदा निर्माण केली तिच्याकडे शिक्षकाच्या दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. 'अमृतधारा', 'भावार्थगीता', 'संजीवनी गाथा', 'अभंग अमृतानुभव' आणि सर्वांत प्रसिद्ध 'अभंग ज्ञानेश्वरी'. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत आहेत. श्रद्धेने पोथी उघडणाऱ्या पुष्कळांस त्यांचा अर्थ लागत नाही. स्वामींनी त्या ओव्या अभंगाच्या सोप्या छंदात, आजच्या मराठीत उतरविल्या. मूळचा अर्थ निसटू द्यावयाचा नाही, छंदाची मात्रा चुकू द्यावयाची नाही आणि सामान्य गृहिणीस, शेतकऱ्यास, नोकरदारास वाचताच समजेल असा शब्द निवडावयाचा, हे काम केवळ प्रतिभेचे नव्हे. ते चिकाटीचे, मापाचे, रोजच्या रोज बसून करण्याचे काम आहे. उत्तम कारागीर ज्या निष्ठेने सांधा बसवितो तीच निष्ठा येथे दिसते.

गावातील लहान मुलांस शिकविण्यासाठी उघडलेली शाळा बंद झाली खरी. परंतु शिक्षकाने शिकविणे थांबविले नाही. वर्ग मोठा झाला, इतकेच. कठीण विद्या सामान्यांच्या हाती यावी, दुसऱ्याने अर्थ सांगण्याची वाट पाहत त्यांस बसावे लागू नये, ही स्वावलंबनाश्रमाचीच प्रेरणा या ग्रंथांच्या मागे आहे, असे आम्ही मानतो.

१५ ऑगस्ट १९७४ रोजी स्वामींनी पावस येथे देह ठेवला. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी शाळा सोडली आणि तुरुंग पाहिला, त्या स्वातंत्र्याचा तो वर्धापनदिन होता.

पुढे काय झाले

पावसचा प्रयोग संपला तरी प्रश्न संपला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगाभोवती गुंफलेल्या, मातृभाषेतून द्यावयाच्या सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणाची योजना तयार केली. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहूद्देशीय हायस्कुले सुचविली. त्यांत तांत्रिक, व्यापारी, शेतकी, ललितकला, गृहविज्ञान अशा शाखा असाव्यात, असा विचार होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द रूढ केला. अगदी अलीकडे २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांसारख्या कारागिरांच्या सहवासात काम शिकावे, असे सुचविले आहे.

हंटर आयोगापासून मोजले तर जवळजवळ दीडशे वर्षे विद्वान माणसे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आहेत आणि दर वेळी ती कागदावर अधिक व शाळेत कमी उतरत आहे. याचे कारण केवळ सरकारची उदासीनता वा पैशाची उणीव नव्हे. कारण आपल्या घरात आहे. हायस्कुलात कार्यशाळा आहे, चित्रकलेचा वर्ग आहे, वाणिज्य शाखा आहे. परंतु चांगल्या गुणांच्या मुलाने तिकडे वळावयाचे म्हटले की घरात शोककळा पसरते. हुशार मुलाने विज्ञान घ्यावे, मध्यमाने वाणिज्य आणि उरलेल्याने कला अथवा हस्तव्यवसाय, ही उतरंड कोणत्याही आयोगाने घातलेली नाही; ती आपण पालकांनी रचली आहे.

आपले कर्तव्य

चरित्रे वाचावयाची ती त्यांतून काही घेण्यासाठी. म्हणून शेवटी दोन शब्द आपल्या संघापुरते लिहितो.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक समारंभात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. टक्केवारी वाचून दाखविली जाते, टाळ्या पडतात. हे व्हावेच. पण ज्या मुलाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारीचे वा वीजतंत्रीचे काम उत्तम रीतीने आत्मसात केले, ज्या मुलीने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण केली, ज्या तरुणाने गावी राहून आंब्याचा, काजूचा वा कोकमाचा धंदा नेटका हिशेब ठेवून चालविला, त्यांची नावेही त्याच व्यासपीठावरून, त्याच मानाने वाचली जावीत. शिष्यवृत्तीच्या निधीतून पुस्तकांस जसे साहाय्य मिळते तसेच अवजारांच्या पेटीसही मिळावे. कार्यकारी मंडळाने याचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

आणि कुटुंबांस आमची विनंती याहून सोपी आहे. सुटीत मुलांना घेऊन पावसला जाल तेव्हा समाधीपुढे हात जोडून झाल्यावर त्यांस एवढे अवश्य सांगा की येथे एक तरुण मॅट्रिकची परीक्षा सोडून परत आला होता आणि गावच्या मुलांना आपल्या पायांवर उभे करावे म्हणून त्याने शाळा काढली होती. मग घरी परतल्यावर आठवड्यातून एक तास मुलाच्या हाती रंधा, सुई, ब्रश किंवा जमाखर्चाची वही द्या आणि तो तास अभ्यासाइतकाच मोलाचा माना. स्वामींचे नाव घेणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या घरांतील मुलांचे हातही कामास लागले, तर पावसला शंभर वर्षांपूर्वी उघडलेला तो वर्ग अजून सुटलेला नाही, असे म्हणता येईल.